लेथ घ्यावा की लेथवाला गाठावा?

घरी धातुकामाची खोली उभी करायची म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला : कोणता लेथ घेऊ? निवृत्त अभियंता असो, जुन्या मोटरसायकली जमवणारा हौशी असो की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, सगळे इथूनच सुरुवात करतात. या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकांनी ही सवय लावली आहे. लंडनमध्ये १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक काढले आणि त्याच्याभोवती घरगुती यंत्रकामाची एक भक्कम परंपरा वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर मायफर्ड कंपनीचा 'एमएल ७' हा लहान लेथ बाजारात आला आणि तिथल्या हौशी कारागिराच्या शेडमध्ये देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा जाऊन बसला. बाकी सगळी हत्यारे त्याच्या सेवेला.

तो सल्ला ज्याच्यासाठी लिहिला गेला, त्याच्या घराजवळ टर्नर नव्हता. असला तरी पाच मिनिटांच्या कामासाठी त्याच्याकडे जाणे परवडत नव्हते. लकडगंजात राहणाऱ्याची स्थिती नेमकी उलटी आहे. नागपूरच्या पूर्वेकडचा हा भाग नावाप्रमाणे लाकडाचा : वखारी, आरा मशिनी, प्लायवूडची दुकाने. पण लाकडाच्या बाजाराला लोखंड लागतेच. आऱ्याच्या पात्यांना धार लावणारे, पुली-शाफ्ट-बेअरिंगचे काम करणारे अशा बाजाराच्या आसऱ्याने राहतात. लागूनच बगडगंजचा स्मॉल फॅक्टरी एरिया आहे आणि इतवारीतली लोहा ओळ रिक्षाच्या अंतरावर. शहरालाही हे काम नवे नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली इथेच सुरू झाली, आणि नॅरोगेजच्या काळात मोतीबागेत रेल्वेचे वर्कशॉप होते. गिरणी आणि रेल्वे, दोन्ही फिटर-टर्नरवाचून चालत नाहीत.

म्हणून इथे प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला पाहिजे. कोणते काम घरी करायचे आणि कोणते चार गल्ल्या पलीकडे न्यायचे, ही रेघ आधी आखावी, यंत्रे त्यानंतर. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : मोजणे, आखणे, कापणे, कानस मारणे, भोक पाडणे आणि आटे पाडणे एवढे घरी उत्तम जमले पाहिजे. गोल काम, म्हणजे लेथवरचे, पहिली दोन-तीन वर्षे बाहेर द्यावे. पैसा वाचतो हे खरे, पण त्याहून मोठा फायदा असा की या काळात माणूस स्वतःला खरोखर काय लागते ते शिकतो.

स्वतःच्या हाताने वस्तू करण्याची शिकवण मराठीत नव्हती असे नाही. १९४०च्या दशकात नागपूरच्या धरमपेठेतून 'उद्यम' मासिक निघत असे. घरगुती आणि छोट्या धंद्यांची माहिती हा त्याचा विषय. त्या धाटणीचे लिखाण आज मराठीत फारसे होत नाही. उरली आहेत ती आयटीआयची पाठ्यपुस्तके. रुक्ष छपाई, परीक्षेची भाषा, पण आतला मजकूर पक्का. फिटर ट्रेडचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्याची सुरुवात लेथने होत नाही; व्हाइसमध्ये धरलेल्या लोखंडाच्या तुकड्यावर कानस मारण्याने होते. मुले कंटाळतात, पण क्रम बरोबर आहे.

कानशीपासूनच सुरुवात करू. घरी तीन पुरतात : एक १२ इंची बास्टर्ड सपाट, एक ८ इंची सेकंड कट आणि एक अर्धगोल स्मूथ. या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. जेके फाइल्सचे रत्नागिरी आणि चिपळूणचे कारखाने कानशी बनवतात, चांगली कानस कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मूठ न बसवता कानस वापरायची नाही, तिची शेपटी तळहातात घुसते. नवी कानस आधी पितळेवर वापरावी आणि मग लोखंडावर. पितळेला कोवळे, तीक्ष्ण दात लागतात आणि लोखंडावर झिजलेली कानस पितळेवरून नुसती घसरते. दातांत कीस अडकून कामावर ओरखडे उठत असतील तर कानशीला खडू घासावा. शाळेतला पांढरा खडू चालतो. कानस पुढे जाताना कापते. मागे ओढताना दाब काढला नाही तर दात बोथट होतात. हॅकसॉचेही तसेच. पात्याचे निदान तीन दात एका वेळी कामावर टेकले पाहिजेत, म्हणून जाड सळईला इंचाला १८ दातांचे पाते आणि पातळ पाइपला ३२ दातांचे. पातळ पत्र्यावर मोठ्या दातांचे पाते वापरून दात उडवणे आणि मग पात्याच्या कंपनीला नावे ठेवणे, हे पुष्कळ पाहायला मिळते.

आखणीसाठी निळे लेआउट द्रव मिळते, पण त्याहून जुना उपाय किराणा किंवा शेतीच्या दुकानात आहे. मोरचूद पाण्यात विरघळवून स्वच्छ, तेल पुसलेल्या पोलादावर लावले की तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर स्क्रायबरची रेघ झळझळीत दिसते. पुसल्याने ती जात नाही, तेलानेही नाही. दोन पथ्ये आहेत : मोरचूद विषारी आहे, तेव्हा बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहावे, आणि ते मोजमापाच्या साधनांना लागू देऊ नये. ॲल्युमिनियमवरही लावू नये, ते गंजून काळे पडते.

आता मोजमाप. इथे नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो, आणि या भागावर बाहेरची पुस्तके जवळजवळ काही बोलत नाहीत.

धातूची मापे जगभर २० अंश सेल्सिअस तापमानाला धरली जातात. मे महिन्यात इथे पारा ४५च्या आसपास असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढते, पितळ १९, ॲल्युमिनियम २३. म्हणजे १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा २० वरून ४५ अंशांवर गेला की सुमारे ०.०३ मिमी वाढतो आणि ॲल्युमिनियमचा जवळजवळ ०.०६. पोलादाच्या कामाला पोलादी मायक्रोमीटर, दोन्ही एकाच तापमानाला, तर चिंता नाही. दोघे मिळून वाढतात. अडचण ॲल्युमिनियमची. ६२०४ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ मिमी. त्याचे घर ॲल्युमिनियममध्ये मे महिन्याच्या दुपारी पोलादी साधनाने मोजले तर २० अंशांच्या मानाने ते ०.०१ मिमीहून थोडे अधिक मोठे दिसते. बेअरिंग घट्ट की सैल, हे ठरायला एवढे पुरते.

दुसरी चूक याहून मोठी आणि बारमाही आहे. नुकताच कापलेला, हाताला चटका देणारा तुकडा लगेच मोजणे. ५० मिमीचा ॲल्युमिनियमचा गोल तुकडा मायक्रोमीटरपेक्षा ३५ अंशांनी गरम असेल तर माप ०.०४ मिमीने फसवते. शेवटचा कट घेण्याआधी काम आणि साधन एकाच टेबलावर, एकाच पंख्याखाली अर्धा तास पडू द्यावे. उन्हाळ्यात बारीक मापाचे काम पहाटे करणारे टर्नर भेटतात. उकाडा चुकवणे हे कारण असतेच, पण मापालाही ते मानवते.

पंख्याखाली म्हटले, कूलरसमोर नाही. नागपुरात एप्रिल-मेमध्ये कूलर लागतोच आणि माणूस सहज तो कामाच्या खोलीच्या खिडकीत बसवतो. कूलरची हवा ओली असते. बाहेर हवा इतकी कोरडी की लोखंड गंजू नये, आणि आपण मात्र लेथच्या बेडवर रात्रंदिवस पाण्याची वाफ सोडत असतो. पावसाळ्यात गंज चढतो हे सगळ्यांना कळते. कूलरने मे महिन्यात चढलेल्या गंजाचे खापरही पावसाळ्यावर फुटते. साधनांना मशीन ऑइलचे बोट फिरवावे. खाण्याचे तेल लावू नये, ते कालांतराने चिकट होते. पेटीत कापराची वडी ठेवण्याची रीत आहे. तेल त्याहून भरवशाचे. लकडगंजात राहून साधनांसाठी लाकडी पेटी करून घ्यायचा मोह होईल. ती वाळलेल्या लाकडाची करावी. ओल्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि बंद पेटीत पोलादाला खाते.

भोक पाडण्याचे यंत्र घरात पहिले यावे, आणि ते हातात धरायचे नसून टेबलावर बसणारे असावे. साधे बेंच ड्रिल, १३ मिमी चकचे, पट्टा बदलून वेग बदलणारे. बहुतेक ड्रिल बिट बोथट होऊन मरत नाहीत, ते जळून मरतात, कारण वेग चुकतो. हायस्पीड स्टीलच्या बिटाला साध्या लोखंडात मिनिटाला २५ मीटर हा वेग धरा. फेरे काढायचे गणित सोपे : वेग गुणिले ३२०, भागिले व्यास. १० मिमी बिटाला ८०० फेरे, ५ मिमीला १६००. पितळेला याच्या दुप्पट चालतात, ॲल्युमिनियमला तिप्पट. स्टेनलेसला निम्मे, आणि तिथे दाब अजिबात सोडायचा नाही. नुसते घासत राहिले की स्टेनलेसचा पृष्ठभाग कडक होतो आणि मग कुठलेच बिट आत शिरत नाही. पितळेची खोड वेगळी. बिट त्यात गपकन ओढले जाते, काम हातातून हिसकावले जाते. बिटाच्या दोन्ही कापणाऱ्या धारा खड्यावर अगदी किंचित सपाट केल्या की ही ओढ जाते. लोखंडाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल (मिळाले तर), पितळ आणि बीड कोरडेच.

आट्यांसाठी कोष्टक पाठ करायची गरज नाही. बोल्टच्या व्यासातून पिच वजा करा : ६ मिमीच्या बोल्टला ५ मिमीचे भोक, ८ मिमीला ६.८, १० मिमीला ८.५. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. तुटलेला टॅप काढणे हे घरच्या कामातले सर्वांत जीवघेणे काम, तेव्हा स्वस्त टॅप घेऊन पैसे वाचवू नयेत. जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. देशात मेट्रिक मापे १९५८पासून लागू होऊ लागली, पण इंचाचे बोल्ट अजून शाबूत आहेत आणि दुकानात सूतही चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. आरा मशिनीवरचा बोल्ट मेट्रिक समजून त्यात नवा नट जबरदस्तीने फिरवला की दोन्ही गेले. आधी थ्रेड गेज लावा.

आणि आता अँगल ग्राइंडर, ज्याच्यावाचून आजकाल कुणाचे पान हलत नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेरे घेतो. चकतीची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने धावत असते. गार्ड काढून वापरणे ही आपल्याकडची सार्वत्रिक रीत आहे, आणि वाईट आहे. चकतीवर लिहिलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असले पाहिजेत. मोठ्या ग्राइंडरची चकती गार्ड काढून लहान ग्राइंडरला लावणारे महाभाग आहेत. त्यांना हे वाक्य लागू. लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला बसवणे तर लकडगंजात फारच सहज सुचते, कारण पाते हाताशी असते. ते अडकले की यंत्र उलटून अंगावर येते.

ठिणगीचा प्रश्न तर या वस्तीत वेगळ्याच प्रतीचा आहे. वेल्डिंग-ग्राइंडिंगसाठी अमेरिकेतले सुरक्षानियम सांगतात की ११ मीटरच्या, म्हणजे ३५ फुटांच्या परिघात जळणारे काही नसावे. काम संपल्यावर निदान अर्धा तास, नव्या शिफारशीनुसार तासभर तिथे लक्ष ठेवावे. लकडगंजात ज्याच्या घराच्या ११ मीटरवर लाकूड नाही असा माणूस शोधावा लागेल. गच्चीवर जाऊन काम करणे हा सुरक्षित उपाय वाटतो, पण तिथून ठिणगी शेजारच्या वखारीच्या पत्र्याच्या फटीत जाते. साचलेला भुसा लगेच भडकत नाही, तो धुमसतो. तासाने, दोन तासांनी पेट घेतो. म्हणून कापाकापी खाली, भिंतीकडे तोंड करून, मागे पत्रा उभा करून करावी; आजूबाजूला ओली पोती, पाण्याची आणि वाळूची बादली. संध्याकाळी उशिरा करू नये, म्हणजे लक्ष ठेवायला जागे माणूस राहते. जमिनीवर सांडलेले तेल टिपायला भुसा टाकण्याची इथे सवय आहे, माल फुकट मिळतो. टाका, पण काम संपल्यावर तो घराबाहेर गेला पाहिजे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा तर ठिणगीशिवायही पेटतो. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

वेल्डिंगवर फार लिहीत नाही, ते वाचून येत नाही. सिंगल फेजवर चालणारी इन्व्हर्टर यंत्रे आल्यापासून घरात वेल्डिंग करणे सोपे झाले. १६ अँपिअरच्या नीट वायरिंग केलेल्या पॉइंटवर २.५ मिमीचा ६०१३ रॉड ६० ते ९० अँपिअरवर व्यवस्थित जळतो. कूलरचे स्टँड, फाटकाची बिजागरी, खिडकीची जाळी एवढ्याला तेवढे पुष्कळ. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जोडताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मुलामा आधी घासून काढा आणि उघड्यावर जोडा. पेट्रोलची टाकी किंवा केमिकलचा रिकामा ड्रम घरी वेल्ड करायचाच नाही, कितीही धुतला तरी. डोळ्यांत आर्क लागल्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवतात आणि डोळ्यात कण गेला की सोबतचा कारागीर काडीने तो काढतो. बटाट्यावर विसंबू नये. काडीने बुबुळ जाऊ शकते. कण गेला की डोळ्यांचा डॉक्टर.

फिरणाऱ्या यंत्राशी हातमोजे घालू नयेत. हा नियम वेल्डरला पटत नाही, कारण त्याच्या कामात मोजे हवेतच. ड्रिलने, लेथने मोजा पकडला की आतला हातही जातो. ओढणी, मोकळे केस, लांब बाह्या, अंगठी यांचेही तेच.

माल कुठून आणि कोणता? लोहा ओळीत लोखंड किलोवर मिळते, तेव्हा गोल सळईचे वजन डोक्यात काढता आले पाहिजे : व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. २० मिमीची सळई जवळजवळ अडीच किलो. काळी सळई स्वस्त, पण तिच्यावरचा पापुद्रा कडक असतो. पहिला कट त्याच्या खालून गेला पाहिजे, नाहीतर हत्याराची धार लगेच जाते. ब्राइट बार मापात आणि गुळगुळीत, मात्र तिच्या एका बाजूने जास्त माल काढला तर ती वाकते, कारण ओढून काढताना तिच्यात ताण राहिलेला असतो. शाफ्टला ईएन ८ प्रतीचे पोलाद मागावे. आणि बांधकामावरून उरलेली टीएमटी सळई खरादीसाठी कुणी आणू नये. तिची साल मुद्दाम कडक केलेली असते, आतला गाभा मऊ. आधाराचा तुकडा म्हणून वेल्ड करा, टोकदार करून जमिनीत ठोका. लेथवर नको.

भंगारात मात्र सोने असते. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा छिन्नी-पंचासाठी उत्तम. त्याला पाणी द्यायचे म्हणजे लालभडक करून लोहचुंबक चिकटेनासा झाला की, त्याहून थोडे वर नेऊन, तेलात विझवायचे. पाण्यात टाकला तर चिरण्याची शक्यता असते. मग घासून चकचकीत करून पुन्हा हळूहळू तापवायचा : पिवळसर रंग आला की धार कडक पण ठिसूळ, तपकिरी-जांभळा आला की छिन्नीला योग्य, निळा झाला की स्प्रिंगसारखा. लोहार हे शतकांपासून रंगावरूनच करत आले आहेत, थर्मामीटर नंतर आला. पॉवर हॅकसॉचे तुटलेले जाड पाते, पूर्ण हायस्पीड स्टीलचे असेल तर, पार्टिंग टूलसाठी घासून घेता येते. हल्लीच्या पुष्कळ पात्यांचे फक्त दातच तसे असतात, पाठ साधीच. ग्राइंडरवर ठिणगी पाहिली की दोघांतला फरक कळतो.

घरीच भट्टी करून ॲल्युमिनियम ओतायचे आणि त्यातून लेथच बनवायचा, असा एक अमेरिकन पंथ आहे. डेव्हिड गिंजरी यांच्या पुस्तकमालिकेने तो लोकप्रिय केला. वाचायला झकास. पण दाट वस्तीत, लाकडाच्या शेजारी, वितळलेल्या धातूचा खेळ मी कुणाला सुचवणार नाही. ओतकाम पाहायचेच असेल तर भंडारा फार दूर नाही, पितळी भांड्यांसाठी ते गाव ओळखले जाते. नव्या पंथाचे लोक उलट टोकाला आहेत : कॉम्प्युटरवर चित्र काढा, फाइल लेझर कटिंगवाल्याला पाठवा. सपाट पत्र्याच्या कामाला यात काहीच वावगे नाही. पाच मिलिमीटर पत्र्यात चाळीस भोके कानशीने जुळवत बसण्यात पुरुषार्थ नाही.

आता चार गल्ल्या पलीकडचा तो लेथवाला. त्याच्याकडून काम करून घेणे हेही एक कौशल्य आहे, आणि बहुतेकांचे बिनसते ते इथे. मापांचा कागद घेऊन माणूस जातो, "वीस एमएमचा शाफ्ट करून द्या" म्हणतो आणि घरी येऊन पाहतो तर बेअरिंग शाफ्टवर फिरते आहे. दोष टर्नरचा नसतो. बेअरिंगखाली शाफ्ट २० मिमीच्या वर दोन ते पंधरा मायक्रॉन हवा, म्हणजे बेअरिंग दाबून बसते; पुली सरकवायची असेल तर थोडा खाली हवा. "वीस" या आकड्यात यातले काहीच नाही. अनुभवी खरादी म्हणूनच सांगतो, "भाऊ, नाप कशाला सांगता, बेअरिंग घेऊन या." जोडीचा भाग सोबत न्यायचा, तो कुठे बसतो आणि फिरतो की घट्ट राहतो ते सांगायचे. चित्रावर ज्या मापाची खरी गरज आहे त्याभोवती गोल करायचा, बाकी मापे सैल सोडायची. सगळ्या मापांना ०.०१ लिहिणारा माणूस एकतर जादा पैसे देतो किंवा टर्नर त्याचा कागद बाजूला ठेवून अंदाजाने काम करतो.

लहान कामे साठवून एकदम न्यावीत. चकमध्ये काम बांधायला जो वेळ जातो तो कापण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे एका बुशाचे पैसे ऐकून वाईट वाटते आणि सहा बुशांचे ऐकून आश्चर्य. आपला माल आणला तर तो काय आहे ते खरे सांगावे. तुटलेला ॲक्सल "साधे लोखंड" म्हणून दिला आणि त्याची कार्बाइड टीप उडाली तर पुढच्या वेळी तो "उद्या या" म्हणेल. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी काम मागू नये. उभे राहून पाहायची परवानगी मात्र मागावी. कट किती घेतला, हत्यार मध्यावर कसे आणले, कीस निळा पडला तेव्हा त्याने काय केले : पुस्तकातल्या चार प्रकरणांइतके त्यात आहे.

असे दोन-तीन वर्षे केले की काही जणांना कळते, आपल्याला लेथ लागतच नाही. काहींना उलट कळते. इंजिनाची मॉडेल करणारा, घड्याळाचे भाग करणारा, जो रात्री अकराला एक बुश आणखी ०.०५ ने कमी करू पाहतो, त्याने घ्यावा. मग पर्याय दोनच. चाळीस-पन्नास किलोचा चिनी बनावटीचा मिनी लेथ, की जुना राजकोट, बटाला किंवा एचएमटीचा?

मिनी लेथ टेबलावर बसतो, सिंगल फेजवर चालतो, वेग बटणाने बदलतो. पोलादात त्याच्याकडून खोल कटाची अपेक्षा करू नये. पुष्कळ मॉडेलांत गिअर प्लास्टिकचे असतात आणि तुटतात. पितळ आणि ॲल्युमिनियमच्या लहान कामाला तो चांगला. जुना मोठा लेथ अर्ध्या टनापासून टनभरापर्यंत भरतो. त्याला तळमजला आणि पक्के काँक्रीट हवे. त्याची मोटर बहुधा थ्री फेजची असते. घरी थ्री फेज नसेल तर सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा व्हीएफडी लावता येतो, पण आधी मोटरची नेमप्लेट पाहावी. लहान मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्या २३० व्होल्टसाठी डेल्टात बदलून घ्याव्या लागतात. सहा टोके बाहेर आणलेली नसतील तर रिवाइंडिंगवाल्याकडे जावे लागते. घरगुती जोडणीवर बाहेरची कामे पैसे घेऊन करू लागलात तर वीज कंपनीच्या लेखी तो वेगळ्या दराचा मामला होतो, हेही लक्षात असू द्यावे.

जुना लेथ पाहायला जाताना रंग पाहू नये, तो विकण्यासाठीच मारलेला असतो. बेड चकजवळ झिजतो, कारण सगळे काम तिथेच होते. टेलस्टॉककडचा भाग नवाच राहतो. कॅरेज चकजवळ नेऊन तिच्या गिब नीट आवळा आणि मग हाताने टेलस्टॉककडे सरकवा. वाटेत अडकली तर बेड तितका झिजलेला आहे. चकमध्ये चांगली सळई धरून स्पिंडलला वर-खाली दाबा, डायल गेजची सुई किती हलते ते बघा. सगळे गिअर एकेक करून लावून चालवा. लीडस्क्रू इंचाचा आहे का विचारा. असेल तर मेट्रिक आट्यांसाठी १२७ दातांचा गिअर सोबत आहे का ते पाहा, आणि नसेल तर त्याची किंमत सौद्यातून वजा करा. बेड झिजला म्हणून लगेच पाठ फिरवायचे कारण नाही. तुमचे काम १०० मिलिमीटर लांबीच्या आतले असेल तर चकजवळच्या तेवढ्या पट्ट्यात झीज बहुतेक सारखीच असते आणि माप नीट येते. दोन फुटी शाफ्टच वळायचे असतील तर मात्र असा लेथ भंगाराच्या भावातही घेऊ नये. ते शाफ्ट बगडगंजलाच जाऊ द्यावेत.